तेल किती, मीठ किती, डाळ किती? मोठेपणी ओट्याशी उभ्या राहिलेल्या इंदूरकरांसाठी

आईला फोन करून विचारावं, ‘वरणात मीठ किती घालू?’ तर उत्तर येतं, ‘अंदाजाने घाल रे.’ तिचं काही चुकत नाही. तिच्या हाताला ते माहीत आहे, सांगता मात्र येत नाही. लहानपणापासून ओट्याशी घुटमळणाऱ्या पोरांना हा अंदाज न शिकवता येतो. विजयनगरात रूम घेऊन राहणाऱ्या पंचविशीच्या मुलाला, किंवा बायको मुलीच्या बाळंतपणाला गेल्यावर रामबागेतल्या घरात एकटे उरलेल्या काकांना तो कुठून येणार? त्यांनी सरळ मोजून करावं. मोजण्यात कमीपणा नाही. उलट जो मोजून शिकतो त्याला आपल्या पोटात काय चाललंय हेही आपोआप कळायला लागतं. स्वयंपाक शिकणं आणि नीट खायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मला वाटत नाही. तेलाचा चमचा, मिठाचा डबा आणि डाळीची वाटी ज्याच्या हातात, त्याच्याच हातात घरातलं निम्मं पथ्यपाणी असतं.

म्हणून आधी बाजारातून छोट्या मोजमापाच्या चमच्यांचा एक संच आणा. चहाचा चमचा म्हणजे 5 मिलिलिटर, मोठा चमचा म्हणजे 15. पुढे नुसता ‘चमचा’ म्हटलं की तो चहाचा. जोडीला एक वाटी ठरवून टाका आणि तीच कायम वापरा. माझ्या पुढच्या सगळ्या हिशोबात वाटी 150 मिलिलिटरची आहे. एवढं, एक तीन लिटरचा कुकर, एक जाड बुडाची कढई, एक बरी सुरी, बस्स. नॉनस्टिकचे सेट, एअर फ्रायर वगैरे मंडळींना सध्या दुकानातच राहू द्या.

पोहे सोडायचे का?

इंदुरात आरोग्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो. तेव्हा तो आधी मिटवू.

आपल्याकडचे गाडीवरचे पोहे नीट पाहा. खाली पाण्याचं पातेलं खदखदत असतं आणि वरच्या परातीत पोहे वाफेवर गरम राहतात. कांदेपोह्यांसारखे ते तेलात परतत ठेवलेले नसतात. बडीशेप, धणे, हळद, साखरेची किंचित गोडी. म्हणजे मूळ पोहे हलकेच आहेत. सगळी गंमत, आणि सगळा घोळही, वरून पडणाऱ्या गोष्टींत आहे. शेवेच्या पाकिटामागचा तक्ता वाचा: बहुतेक पाकिटांवर 100 ग्रॅममागे 35 ते 45 ग्रॅम फॅट लिहिलेलं असतं. गाडीवाला भिया जी मूठभर शेव भुरभुरतो ती 25 ग्रॅम धरली, तरी त्यात दहाएक ग्रॅम तेल आलं, म्हणजे चहाचे दोन चमचे. वर जीरावन मसाला, त्यात मीठ आणि काळं मीठ. शेजारी पाकातून काढलेली जिलबी, आणि शेवटी साखरेचा कडक चहा.

आता यातलं काय ठेवायचं? पोहे ठेवा. लिंबू तर भरपूर पिळा, कारण धान्य-डाळी-भाज्यांमधलं लोह शरीराला सहज घेता येत नाही आणि लिंबातलं क जीवनसत्त्व नेमकी त्याला मदत करतं. चहातलं टॅनिन बरोबर उलटं करतं, लोहाला अडवतं. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगते. लिंबू पिळून पोहे खायचे आणि लगेच वरून चहा ओतायचा म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. शेव चिमूटभर, जिलबी रविवारी. घरी करताना पोह्यांत मटार, मोड आलेली मटकी किंवा शेंगदाणे घाला. इथे उसळ-पोहे खाणारे आहेतच, ती जोडी नुसत्या पोह्यांपेक्षा कितीतरी सरस.

महिन्याचा हिशोब डब्यावरून

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट ग्रॅममध्ये दिलं आहे: धान्य 250, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, दाणे आणि तेलबिया 35, दूध 300 मिलिलिटर, आणि तेल-तूप 27 ग्रॅम. हे आकडे पाठ करायचे नाहीत. यातला तेलाचा तेवढा उचला, कारण तो रोज चमच्याने मोजण्यापेक्षा महिन्याच्या किराण्यातून पकडता येतो.

27 ग्रॅम गुणिले 30 म्हणजे माणशी महिन्याला साधारण 800 ग्रॅम. चौघांच्या घरात तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास. पाच लिटरचा कॅन चौघांना सहा आठवडे पुरायला हवा, तोही घरात दुसरं तूप-लोणी नसेल आणि बाहेरचं तळण पोटात जात नसेल तर. तुमच्याकडे तो तीन आठवड्यांत आडवा होत असेल, तर कुठलं तेल चांगलं, शेंगदाण्याचं की सोयाबीनचं की घाण्याचं, या वादात पडूच नका. आधी कमी करा. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, पिठातून किंवा डाळीतून साडेतीनच्या आसपास. म्हणून तेलाची धार हाताला कळत नाही पण अंगाला कळते. ‘शुद्ध तूप आहे हो, त्याने काही होत नाही’ हे वाक्य माळव्यात दर रविवारी ऐकू येतं. तुपाच्या कॅलरी तेलाइतक्याच.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचासुद्धा पुरता भरत नाही. या हिशोबाने किलोची पिशवी चौघांना पन्नास दिवस जायला हवी. बहुतेक घरांत ती महिनाभर टिकली तरी खूप, आणि वरून लोणचं, पापड, शेव, जीरावन यांतलं मीठ वेगळंच. कमी करताना एकदम करू नका. जीभ हळूहळू सवय लावून घेते, दोन-तीन आठवड्यांत पूर्वीचं वरण खारट लागायला लागतं. ‘कमी सोडियम’वालं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

वरण, आणि शिट्टीचं रहस्य

माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने पोळीपासून सुरुवात करू नये. गोल पोळी लाटता येत नाही म्हणून स्वयंपाकच सोडून दिलेले लोक पुष्कळ आहेत. प्रत्येक मराठी वस्तीत पोळ्या करून देणारी एखादी ताई असते, काही महिने तिच्याकडून घ्या. तुम्ही वरण शिका. ते चुकलं तरी खाता येतं, आणि त्यात कुकर, पाणी, फोडणी, मीठ या चारही गोष्टी एकदम शिकून होतात.

एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या डब्यात अडीच ते तीन वाट्या पाणी, चिमूट हळद, चिमूट हिंग, अर्धा चमचा तेल. कुकरच्या तळाशी वेगळं पाणी, तेवढं विसरू नका. आता शिट्ट्या किती?

इथेच सगळे अडतात, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं. तीन म्हणणाराही बरोबर आणि पाच म्हणणाराही. कुकर नेमकं काय करतो ते बघू. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं आणि कितीही आच वाढवली तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोहोचतं. डाळ लवकर शिजते ती या वीसेक अंशांमुळे. शिट्टी होते ती दाब मर्यादेला टेकल्यावर, जास्तीची वाफ बाहेर सोडायला. म्हणजे पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान ठरलं. त्यानंतर मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या होतील, गॅस जळेल, वाफ वाया जाईल, पण डाळ काही जास्त गरम होणार नाही. म्हणून शिट्ट्या मोजायच्याऐवजी वेळ मोजा: मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच अगदी मंद, घड्याळ लावून दहा मिनिटं. गॅस बंद. दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी चमच्याने उचलून फुसफुस करायची घाई नको, त्या वेळातही डाळ शिजतच असते. राजमा, छोल्यांना रात्रभर भिजवण आणि यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. राजमा तर अर्धवट शिजलेला कधीच खाऊ नये, त्यातल्या लेक्टिन नावाच्या घटकाने उलट्या-जुलाब होतात आणि ते नीट उकळल्यावरच निकामी होतं.

डाळ तरीही कडक राहिली तर? बहुतेक वेळा दोष पाण्याचा किंवा आंबटाचा. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने धरून असतात, ते विरघळलं की डाळ मऊ. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले तर आंबटपणामुळे पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. बोरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही पेक्टिनला घट्ट करतं. नर्मदेचं पाणी आणि बोरिंगचं पाणी, दोन्ही नळ ज्यांच्या घरात आहेत त्यांनी एकदा दोन्हीत वरण लावून बघावं. यावर जुना उपाय खायच्या सोड्याचा, पण सोड्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ जास्त वेळ भिजवा.

आता फोडणी. पळीत चहाचे दोन चमचे तेल घ्या, म्हणजे 10 मिलिलिटर. वरण चौघांचं आहे, तेव्हा माणशी अर्धा चमचा. तेल तापलं का हे बघायला मोहरीचे चार दाणे टाका. ते नुसते तळाशी पडून राहिले तर थांबा. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी. तेलातून धूर येत असेल तर गॅस बंद करून ते निवू द्या, मोहरी करपली की सगळं वरण कडू. मोहरी तडतडते कारण दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती टरफल फोडते, आणि हा आवाज मंदावला की समजायचं आता जिरं. जिरं रंग बदलायला लागलं की गॅस बंद, आणि मग हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची. हळद-तिखट जळायला दोन सेकंद पुरतात, म्हणून ते बंद गॅसवर. मसाल्यांचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणून ही सगळी खटपट. आणि म्हणूनच दोन चमचे तेल पुरतं, त्याचं काम वास पोहोचवायचं, तरंगायचं नाही. गोडा मसाला, गूळ, आमसूल घाला, एक उकळी आणा, आमटी झाली. मीठ? एवढ्या वरणाला चहाचा एक सपाट चमचा, आधी त्यातलं पाऊण घाला, चाखा, मग उरलेलं.

पातळ वरणाचा प्रश्न

शाकाहारी घरांत ‘प्रोटीन कुठून मिळणार’ म्हटलं की ‘रोज वरण खातो की’ असं उत्तर येतं. खातो, पण किती? 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं. मूठभर डाळीचं सहा जणांना पुरवलेलं पातळ वरण वाटीभर घेतलं तर त्यात डाळ असेल दहा-पंधरा ग्रॅम, प्रोटीन दोन-तीन ग्रॅम. बाकी पाणी आणि आईची माया.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन हवं. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. हे पावडरच्या डब्याशिवाय कसं जमतं ते पाहा. पाच मध्यम पोळ्या, 15 ग्रॅम. वाटीभर भात, साडेतीन. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, प्रत्येकीत 30 ग्रॅम डाळ धरून, 13. पेलाभर दूध साडेसहा, वाटीभर दही पाच. मूठभर भाजलेले दाणे, सात. झाले पन्नास. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा. व्यायामशाळेत जाणारी मुलं यावर नाक मुरडतील, त्यांची गरज थोडी जास्त असूही शकते. पण त्यांच्यातही रोज दोन वाट्या घट्ट डाळ खाणारे किती, हा प्रश्न आहेच. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र हा हिशोब लागू नाही, त्यांचं प्रोटीन डॉक्टरच ठरवतात.

वरण-भात, वरण-पोळी, खिचडी या जोड्यांत एक शहाणपण आहे. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. उपासाची साबुदाणा खिचडी मात्र या हिशोबात बसत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटातून. सराफ्यातल्या खाऊबाजारात रात्री खाल्ली तरी तेच, एकादशीला खाल्ली तरी तेच.

भाजी: अर्धं ताट

दिवसाला 400 ग्रॅम भाजी म्हणजे दोन्ही जेवणांना जवळजवळ अर्धं ताट. आपल्याकडे भाजी असते ती लोणच्यापेक्षा थोडी मोठी. आणि बटाटा, रताळं, गराडू ही मंडळी भाजीच्या टोपलीत असली तरी त्यांचं काम पोळी-भाताचं आहे. हिवाळ्यात सराफ्यात तळलेला गराडू खाऊन ‘आज कंदमूळ खाल्लं’ असं समाधान मानू नये.

पहिली भाजी गिलकीची करा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ही घोसाळी म्हणून सांगावी लागते. सगळ्या मिळून पाव किलो भरतील अशा दोन-तीन कोवळ्या गिलक्या घ्या, दाबून पाहा, आत टणक लागली तर जून आहे. धुऊन मग चिरा, चिरून धुतलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. साल हलकं खरवडा, बोटभर जाडीचे काप करा. कढईत एक चमचा तेल, मोहरी, जिरं, हिंग, एक हिरवी मिरची, वर गिलकी, झाकण. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाकणाखाली ती स्वतःचंच पाणी सोडते आणि त्यात शिजते, सहा-सात मिनिटांत कढईभर भाजीची वाटीभर होते. मीठ शेवटी घाला. नवशिका भरल्या कढईकडे बघून मीठ घालतो आणि आकसलेली भाजी खारट होते. पालक, मेथी, चवळई यांनाही हाच नियम. दोन चमचे दाण्याचा कूट घातला की संपलं. ही एक भाजी जमली की दोडका, दुधी, पडवळ तुम्हाला येतात, फक्त मिनिटं बदलतात.

हातगाडीवर त्या दिवशी ज्याचा ढीग मोठा आणि भाव उतरलेला, ते घ्यायचं. मोसमाची भाजी ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. दूरदेशीच्या ब्रोकोलीने मेथीपेक्षा काही जास्त मिळतं असं नाही.

दाल-बाफले मी आठवड्याच्या हिशोबात धरत नाही, तो सण आहे. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. त्यांच्या तुपाचा हिशोब करत बसू नका, फक्त त्या दिवशी रात्री ताक पिऊन झोपा आणि बाफले दर रविवारी करू नका.

साखरेवर फार लिहीत नाही. चहात दोन चमचे साखर घेणारा माणूस चार चहांत तीस-चाळीस ग्रॅम साखर पितो. जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरींच्या आहाराला वरच्या साखरेची कमाल मर्यादा 50 ग्रॅम सांगते आणि त्याहून निम्मी असेल तर उत्तम म्हणते. चहा सोडू नका, चमचा लहान करा.

एकटं राहणाऱ्याने रोज सगळं करू नये, तो दमून आठव्या दिवशी ऑर्डर करायला लागतो. रविवारी मटकी भिजत घाला, सोमवारी फडक्यात बांधा, मोड आले की डब्यात भरून फ्रिजमध्ये. डाळ एकदम दोन दिवसांची शिजवून फोडणी न देता फ्रिजमध्ये ठेवा, रोज लागेल तेवढीच फोडणीला टाका. मळलेली कणीकही फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. भाताच्या बाबतीत मात्र सावध राहा. शिजल्यावरही भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात बाहेरच राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा रात्रीचा भात ओट्यावर झाकून सकाळी फोडणीला टाकायचा जुना रिवाज बंद करा. भात उथळ ताटलीत पसरून लवकर निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच त्याचा फोडणीचा भात करा, भरपूर कांदा, मटार आणि लिंबू घालून.